तिसऱ्या रांगेतली शिंक

निपाणीत जिथं तंबाखूची वखार होती
तिथं आता नाट्यगृह आहे.
आठशे बारा खुर्च्या, जांभळट लाल,
बसलं की उसासा सोडतात.
भिंतींना लाकडी फळ्यांच्या घड्या.
इंजिनिअर सांगून गेला,
इथली कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेत पोचते.
आम्ही म्हटलं, गावात ती आधीपासून पोचतेच की.

दर्शनी भिंतीवर नाव कुठल्या लिपीत,
कुठली अक्षरं वर, किती फुटांची,
यावर दोन वर्षं भिंत कोरी आहे.
पारव्यांनी तेवढ्यात
आपली सही करून ठेवलीय.

मी दिवे बघतो. वर, काचेच्या खोलीत,
बहात्तर दिवे माझ्या बोटांखाली.
याच जागी, वीस हात खाली,
आई नाकाला पदर बांधून चाळण हलवायची.
पत्र्याच्या एका भोकातून तिच्यावर कवडसा पडायचा,
त्यात भुकटी नाचायची.

पहिल्या प्रयोगाचे दोन पास मी मागून घेतले,
एक आईला, एक तंगेव्वाला.
तीस वर्षं दोघी एका चाळणीच्या दोन कडा.
आईला कन्नड येतं शिव्यांपुरतं आणि अंगाईपुरतं,
तंगेव्वाचं मराठीही तेवढंच.
चपला बाहेर काढून आल्या,
गालिच्यावरून चालल्या
पेरलेल्या वाफ्यातून चालावं तशा.

भाषण कन्नडमध्ये. भाषण मराठीत.
पुन्हा कन्नडमध्ये, कारण
पाहुण्यांतलं एक नाव राहिलं होतं.
मग तिसरी घंटा. मी अंधार केला.
गार हवेचे झोत सुटले
आणि कुठल्या नळीतून, कुठल्या पायातून कोण जाणे,
जमिनीत मुरलेला तो वास वर आला.

नट मरणाच्या बेतात होता.
निळा उजेड, अगदी मंद.
अख्खं सभागृह श्वास धरून,
आणि तिसऱ्या रांगेतून शिंक आली.
आईची. मी ती यात्रेच्या गर्दीतही ओळखेन.
फळ्यांनी ती जपून झेलली,
तसूभर कमी न करता मागपर्यंत नेली.
लगेच तंगेव्वाची.
मग पाचव्या रांगेत कुणाची, मग बाल्कनीत,
जिच्या अंगात वखार शिल्लक होती
तिची तिची.
मरणारा नट हसू दाबता दाबता
आधीपेक्षा जिवंत दिसायला लागला.

पहिल्या रांगेतल्या माना वळल्या.
संहितेत नव्हता, खरं मी एक दिवा सोडला,
छताच्या मधोमध, बारीक, पिवळट,
थेट त्या दोघींवर.
त्यात भुकटी होती की नव्हती, देवाला ठाऊक.
तंगेव्वानं वर बघितलं,
मग वळलेल्या त्या पांढऱ्या टोप्यांकडे,
आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली,
"अक्का, चाळण धर. मुकादम आला."

तेही शेवटच्या रांगेत पोचलं.

दुसऱ्या दिवशी मला नोटीस मिळाली.
दोन्ही भाषांत,
अक्षरं अगदी सारख्या उंचीची.