नऊ आणि तीन

तिसऱ्या मजल्यावर, मेडिसिनला, नऊ दिवस.
सलाइन, इंजेक्शनं, "उतरेल सूज, बघू",
पुन्हा एक सोनोग्राफी.
पाचव्यावर, सर्जरीला, तीन.
पोटाला चार भोकं, पिशवी बाहेर.

कोपरखैरण्याच्या खोलीत
दोन्ही बिलं मी पलंगावर पसरते,
सिलिंडरच्या पावतीमागे बेरीज मांडते.
कापाकापीपेक्षा
वाट बघणंच महाग पडलं.
यात माझे डबे नाहीत,
रिक्षा नाही,
बारा दिवस खाली ओढलेलं शटर नाही.

आधीच दोन मजले वर का नाही नेलं?
काउंटरवरची पोर म्हणाली,
"ते डिपार्टमेंट वेगळं, ताई."

बाटलीत अकरा खडे.
हरेश्वर खुळखुळ्यासारखी हलवतो,
"सांग, कुणाच्या नावानं फोडू?"
हसतो,
आणि टाके धरतो.