बदलांचा इतिहास

आमच्या चाळीची वही आता कागदाची नाही.
अकरा जणांत एक फाईल.
साखर पेठेतून उघडते, सुरतेतून उघडते,
भिवंडीत रात्रपाळीच्या चहाच्या सुट्टीतही उघडते.
आत कोण आलं ते वरच्या कोपऱ्यात दिसतं,
रंगीत गोलात एक अक्षर.
मी हिरवा.
माझ्याकडे फक्त शुद्धलेखन,
तीस वर्षं छापखान्यात ऱ्हस्व-दीर्घ बघितल्यावर
दुसरं काय देणार मला.

पहिलं भांडण धोट्यावरून.
मी लिहिलं, धोटा.
अंबुबाईंनी खोडून केलं, नाडे.
"माग आमच्या घरात होता. तुमच्यात होता का?"
गुरुसिद्ध म्हेत्र्यांनी शेजारी लाळी आणून बसवली.
चार दिवस धोटा, नाडे, लाळी,
लाळी, नाडे, धोटा,
इकडून तिकडं, तिकडून इकडं,
कापड मात्र वीतभर पुढं सरकेना.
शेवटी तिन्ही ठेवले.
शब्दांना काय खोलीभाडं पडतंय?

मग पान एकोणीस.
"संपाच्या बाविसाव्या दिवशी
राजमल्लू चिट्याल मागच्या दाराने मिलमध्ये गेला. फितूर."
लिहिणारा सुरतेचा हणमंतू येमूल.

रात्री दोन तेरा. शब्द गेला.
पहाटे पाच चाळीस. शब्द आला, या वेळी ठळक.
दोन तेरा. गेला.
पाच चाळीस. आला.
भिवंडीची भूदेवी पाळीवरून सुटायची
तेव्हा हणमंतू झोपलेला असायचा,
आणि तो उठायचा तेव्हा ती.
एका शब्दात दोघं आळीपाळीनं राहत होते,
एकमेकांना न भेटता.

मी मध्ये पडलो.
मऊ करून टाकलं, "कामावर परतला."
दोघंही माझ्यावरच उठले.
ती म्हणाली, "काका, परतला म्हणजे? सहलीला गेला होता का बाप माझा?"
तो म्हणाला, "तुम्ही वेलांट्या बघा की बे काका."

मग मी समासात चादर काढली.
उलट्या बाजूला रंग उलटे,
पण फूल तेच, धागा तोच, वगैरे.
छान जमलं होतं.
दोन तास कुणी काही लिहिलं नाही.
मग भूदेवी:
"चादर नको.
सोलापूरचं काही सांगायचं झालं की सगळ्यांना चादरच सुचते.
दाराचं लिहा. ते मागचं दार होतं कुठं?"

कॅन्टीनच्या अंगाला, हणमंतू.
नाही, गोदामाच्या, म्हेत्रे.
दोन्हीकडं होतं, एक बुजवलं, शमीमभाभी,
"मी डबे पोचवायची तिथून. उंबरा तुटका होता."
त्या रात्री पान एकोणीस
एकविसापर्यंत गेलं.

तो का गेला, ते कुणालाच माहीत नव्हतं.
"मलाही नाही," भूदेवीनं लिहिलं,
"त्यानं सांगितलं नाही. मी सात वर्षांची.
एवढंच आठवतंय,
गल्लीत कुणाचं तरी लग्न निघालं,
पत्रिका वाटत वाटत आले
आणि आमचं दार सोडून पुढं गेले.
मी हात धुवून उभी होते, हळद-कुंकू लावायला."

कोपऱ्यात निळा गोल होता.
बराच वेळ नुसताच होता.
मग एक ओळ आली, पुसली गेली,
आली, पुसली गेली.
आणि राहिली:
"अक्काचं लग्न. पत्रिकांची पिशवी माझ्याकडं होती."

पुढच्या दिवशी दोन तेराला कुणी काही खोडलं नाही.
पाच चाळीसला हणमंतूनं वाक्य बदललं.
"आमी त्याला फितूर म्हनत होतो."
भूदेवीनं "आमी"वर बोट ठेवून विचारलं, कोण कोण?
त्यानं आधी वडिलांचं नाव घातलं.
जेवणानंतर काकांचं.
संध्याकाळी स्वतःचं.

ती म्हणते, अजून बाकी आहेत नावं.
तो म्हणतो, बाकीच्यांना विचारल्याशिवाय लिहिणार नाही.
वाद चालू आहे.
अंबुबाईंचं म्हणणं, वही छापायला देऊ नका एवढ्यात.

मी रोज सकाळी फाईल उघडतो,
वेलांट्या बघतो, रफार बघतो.
"म्हनत"खाली लाल रेघ आहे.
मी तिथवर जातो
आणि खाली सरकतो.