अकरा मिनिटांचा प्राणी

अंगरखा काथ्याचा.
वर शेवाळासारखं काहीतरी,
जांभळी नाक्यावर किलोने मिळालं.
बारक्या भोये तो घालून उभा राहिला पाटोणापाड्याच्या वर,
दोन सागांच्या मधे,
आणि कोणीच घाबरलं नाही.
त्याची आत्या मोळी घेऊन चालली होती.
थांबली, म्हणाली, "खाज नाय येत रं तुला?"

पुष्कर म्हणाला, दिसायलाच नको.
नुसता ऐकू येऊ दे.
म्हणजे काम माझ्यावर आलं.

तीन रात्री मी येऊरला माईक धरून बसले.
मिळालं काय?
कुठल्याशा बंगल्यातल्या हळदीचा डीजे,
घोडबंदरवर मागे येणाऱ्या ट्रकचं पीं पीं,
रातकिडे, रातकिडे,
एकदा भेकराचं भुंकणं.
बारक्या म्हणाला, आता गप बसा.
आम्ही गप बसलो.
पाल्यावरून काहीतरी गेलं,
हलकं, कसलीच घाई नसलेलं.
घरी येऊन ऐकलं, तर ते टेपमध्ये आलेलंच नव्हतं.

मग वर्तकनगरच्या खोलीत
कुकरची शिट्टी चौपट सावकाश करून पाहिली,
गोदरेजच्या कपाटाचं दार,
ओल्या टॉवेलचा पीळ, कोबी फाडला अख्खा.
प्रत्येक आवाजात स्वयंपाकघर ऐकू येत होतं.

शेवटी ती फाईल उघडली.
नाव नाही, नुसती तारीख.
बाबा.
शेजारी ऑक्सिजनचं यंत्र बुडबुडतंय
आणि त्यांचा श्वास
आत जाताना फरशीवरून पाटा सरकवल्यासारखा,
मधे थांबतो.
पुढे येईल की नाही, हे आपण मोजत राहतो.
डॉक्टरांना ऐकवायला म्हणून घेतलं होतं,
असं मी तेव्हा सांगितलं होतं सगळ्यांना.

यंत्र पुसून काढलं.
श्वास दोन स्वर खाली आणला.
एवढंच केलं.

पाचपाखाडीतल्या शाळेचं सभागृह,
पडद्याला मधोमध सुरकुती.
सातव्या मिनिटाला सगळं काळं,
आणि श्वास.
पुढच्या रांगेतलं पोर आईच्या ओढणीत शिरलं.
कोणीतरी फिदीफिदी हसलं, मग तेही थांबलं.
पुष्करने अंधारात माझा दंड दाबला. जमलं.

माझी आई तिसऱ्या रांगेत, कडेला.
श्वास मधे अडकला
तशी ती खुर्चीत पुढे सरकली
आणि तिचा हात उचलला गेला, थोडासाच,
उशी सारखी करायला उचलतात तेवढा.

बाहेर बारक्या उभा होता रिक्षा थांबवून,
अंगरखा काखेत.
आईने विचारलं, "तो श्वास तुझा होता?"
"नाय काकू. मी नुसता उभा व्हतो."

मला तिने काहीच विचारलं नाही.
अंगरख्यातून सुटलेला काथ्याचा एक धागा
बोटाभोवती गुंडाळत बसली,
सोडवत, पुन्हा गुंडाळत,
वर्तकनगर येईपर्यंत.