विशेष विनंती, असल्यास

मुलीनं ब्रुकलिनहून पैसे धाडले,
वर ताकीद: हे छपरासाठी नाहीत.
चाळीस वर्षं झाली तुमच्या लग्नाला,
बसा एकदा त्या जहाजावर, पाहुण्यांसारखे.

ते जहाज. तीन डोलकाठ्या, साठ माणसं.
दर गुरुवारी हिल्सबरोसमोर नांगर टाकतं
आणि माझा लेनबर्ट त्याच्या होडीतून
जोडपी वाळूच्या बेटावर नेतो,
बायकांना हात देतो,
पुरुषांचे पाण्यात पडलेले चष्मे बुडी मारून काढतो.
लोकांच्या लग्नाचे किती वाढदिवस
त्यानं कोरडे किनाऱ्याला लावले, मोजदाद नाही.
आमच्या वाढदिवसाला आम्ही मासा तळतो.
एखाद्या वर्षी विसरतोही.

जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रक उघडलं.
फोटोत पलंग एवढा रुंद
की अंथरूण पाहून पाय पसरायचे म्हटले
तर पाय कमी पडतील.
लेनबर्टनं चष्मा पुसला, मोठ्यानं वाचू लागला:
जेवण, पेयं, टिपा, सारं किमतीत धरलेलं.
टिपांवर अडला.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, असं होय.
म्हणून हल्ली कुणी खिशात हात घालत नाही.

संध्याकाळचा पोशाख: साधा, पण शोभेसा.
म्हणजे कसा?
म्हणजे मयताचा कोट नको, मी म्हटलं.
दुसरा कोट कुठाय?

आणि गुरुवारी? आपण जहाजावर,
मग आपल्याला वाळूवर नेणार कोण?
तुझा भाचा आहे की, जेव्हॉन.
तो लाट बघत नाही, फोन बघतो.
स्वतःच्याच होडीत पाहुणा होऊन बसायचं
या विचारानं तो इतका कासावीस झाला
की उठून दोनदा पाणी प्याला.

मग केबिनीवरून भांडलो.
परतीच्या रात्री जहाज पूर्वेकडून उतरतं,
अकराच्या सुमाराला विंडवर्डसमोरून जातं.
उजवीकडे आमचं गाव, डावीकडे नुसता समुद्र.
मला डावी हवी.
चाळीस वर्षं ही टेकडी, हा नळ,
मॅक्लॉरेनच्या बकऱ्या आणि त्यांची तोंडं बघितली,
एक रात्र तरी पुढ्यात काही नको.
त्याला उजवी. का, तर घर दिसेल.
अंधारात काय दिसणार, डोंबल?
दिवा लावून जाऊ, म्हणाला,
ओट्यावरचा.

घरात कुणी नसताना दिवा. सात रात्री.
बिल कोण भरेल, मी विचारलं,
आणि विचारता विचारताच मला दिसलं:
बाहेर काळोख, लांब एक ठिपका,
त्याच्याखाली आमचा ओटा, माझी खुर्ची,
आणि खुर्चीत मी नाही.
वादळाच्या रात्री आम्ही दोघं
त्याच ओट्याखालच्या मोरीत अंग चोरून बसलो होतो.
छप्पर गेल्याचा आवाज ऐकला, बघितलं नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही.
मागच्या खोलीवरची निळी ताडपत्री
वाऱ्यानं फटफट करत होती, तेवढीच बोलत होती.

उजवी लिहिली. केबिन चार.
डावी पाचशे डॉलरनं महाग होती,
हेही एक कारण होतं, खोटं कशाला बोला.

फॉर्मच्या तळाशी चार रिकाम्या ओळी होत्या:
विशेष विनंती, असल्यास.
मी लिहिलं, कॅप्टनसाहेब,
परतीच्या रात्री विंडवर्डजवळून
जरा हळू जाता आलं तर बघा.
लेनबर्टनं वाचलं. पेन हिसकावून घेतलं.
खाली, कागद फाटेल इतकं दाबून:
हळू चालेल, जवळ मात्र नको.
तिथं खडक आहे, नकाशात आहे त्याहून पुढे.
शंका वाटली तर मला उठवा.