रंगीत तालीम

सेशेल्स, असं मी वहीच्या पानावर लिहिलं
आणि खाली दुहेरी रेघ मारली,
शाळेत निबंधाच्या नावाखाली मारायचो तशी.

मनाम्यातली ट्रॅव्हल्सवाली लिजी म्हणाली,
ऑगस्टमध्ये स्वस्त पडेल,
तिघांचे नऊशे ऐंशी दिनार, नाश्ता धरून.
तिच्या टेबलाच्या काचेखाली निळंशार पाणी होतं
आणि काचेवर चहाच्या कपाचा गोल डाग.
बेट म्हणून तोही चालला असता.

हेरंबनं वही पाहिली.
हिद्दच्या प्लांटवर तो समुद्र गोड करतो,
म्हणजे पंप, पडदे, दाब, आकडे.
चंद्रपूरचा माणूस,
पाण्याकडे बघतो ते मीटरकडे बघावं तसं.
म्हणाला, तिथं जाऊन करायचं काय?
काही नाही, मी म्हटलं.
काही न करायला एवढे पैसे?
हो. फुकटात काही न करता आलं असतं
तर अकरा वर्षांत एकदा तरी केलं असतं.

दर वर्षीची सुट्टी म्हणजे
वजनकाट्यावर ठेवून उचलून पुन्हा ठेवलेल्या बॅगा,
कुणाचं बारसं, कुणाचा मोतीबिंदू,
बल्लारपूरच्या प्लॉटवरून दीर-नणंदांचा अबोला,
आणि परतताना लोणच्याच्या बरणीला
प्लास्टिकचे सात वेढे.
सुट्टीवरून आलं की सुट्टी हवीशी वाटते.

शाल्मली भूगोलाचं पुस्तक घेऊन आली.
चारी बाजूंनी पाणी असलं की बेट ना?
मग आपण कुठं राहतो?

हेरंब माझ्याकडे बघायला लागला,
मी वहीकडे.

मुहर्रकच्या या तिसऱ्या मजल्यावर
रोज सकाळी टीव्हीवरची धूळ पुसते मी,
दुपारी पुन्हा पुसते.
समुद्र दिसतो, नाही असं नाही,
पुलावरून, एअरपोर्टला जाताना, काच वर करून.
घोटा कधी भिजला नाही.

म्हणून शुक्रवारी, उन्हं कलल्यावर,
बुसैतीनच्या किनाऱ्यावर गेलो, तालमीला.
पंजाबी ड्रेसवर नारिंगी जॅकेट,
तोंडात ती वाकडी नळी.
शाल्मली माझ्यापासून दहा पावलं लांब चालत होती.

ओहोटी होती. लांबवर ढोपरभरच पाणी,
जुलैतलं, आंघोळीला काढल्यासारखं कढत.
काठावर एक म्हातारेबुवा
तारेचा मासे धरायचा पिंजरा दुरुस्त करत बसलेले.
मला बघून हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.
मोडक्या हिंदीत म्हणाले,
मेरा बाबा बोलता, इधर नीचे मीठा पानी था,
समंदर के अंदर. डुबकी मारके मशक भरता.
अब्बी खलास.

तो शेवटचा शब्द
आम्हाला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

हेरंब बराच वेळ उभा होता.
मग वाकला, बोट बुडवलं, जिभेला लावलं.
पंचेचाळीस, म्हणाला.
लिटरला, ग्रॅम.
आणि ऑफिसची पँट दुमडायला लागला.

मी उताणी झाले.
मिठानं मला उचललं.
इतक्या वर्षांत कुणी उचललं नव्हतं,
उचलत मीच होते, बॅगा.
कानात पाणी गेलं आणि एकदम
एसीची घरघर थांबल्यासारखं झालं,
जी तिथं नव्हतीच.

लिजीला अजून काही कळवलेलं नाही.
रजेचा अर्ज साहेबाच्या ट्रेमध्ये आहे,
ट्रे भरलेला आहे.
नळी न्हाणीघरात शॉवरला टांगलीय,
तिच्यातून थेंब थेंब गळतं ते हेरंबच्याच प्लांटचं पाणी.
वहीत दुहेरी रेघेखाली माझं अक्षर:
टॉवेल तीन, जुन्या चपला, शाल्मलीची टोपी.
त्याच्याखाली काल रात्री त्याचं,
नुसता आकडा, पुढं प्रश्नचिन्ह:
पस्तीस?

तेवढंच असलं तिथं, तर
तुला थोडे हातपाय मारावे लागतील, म्हणाला.