काज

मंगळवारी मी इथलं गवत कापतो.
नगरपालिकेचं यंत्र, माझी टोपी, थर्मासात काळी कॉफी.
जागा ती केवढीशी, दोन बाकं आणि एक उतार,
खाली मिसिसिपी,
तिला आपल्याशी काही देणंघेणं नाही.

फाटकावर पाटी आहे.
'एका फुटाखाली खणू नये.'
खाली काय, ते पाटी सांगत नाही,
पण गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक,
इथे गुंड्यांचा कारखाना होता.
नदीतले शिंपले पोत्यांनी यायचे,
पिंपात भिजायचे,
मग फिरत्या नळीखाली धरून
त्यांतून चकत्या पाडायच्या,
लाटलेल्या पोळीतून वाटीनं पाडाव्यात तशा.
चकत्या गेल्या दूरदूरच्या सदऱ्यांवर.
उरला तो भोकाभोकांचा शिंपला,
तो इथेच ओतला, वर्षानुवर्षं.
ज्याला मी उतार म्हणतो
तो उतार नाहीच मुळी.

पाऊस झाला की ते वर येतात.
पात्याला खट्ट लागतं,
मी यंत्र बंद करतो, वाकतो,
शिंपला पुसून बाकावर ठेवतो.
का, ते विचारू नका.

दुसऱ्या बाकावर लॉरेटाबाई श्टूबे,
वय एक्क्याण्णव, पायांत रबरी बूट.
त्यांची आई रात्री स्वयंपाकघरात
पुठ्ठ्यावर गुंड्या शिवायची,
बारा डझनांचे दीड सेंट.
बाप करवतीवर.
त्याच्या रुमालावर पिठासारखं पांढरं पडायचं
आणि खोकला मात्र कोरडा.
कारखाना बंद झाला त्या संध्याकाळी
तो नदीवर हात धुवायला गेला
आणि धुतच राहिला.
आई कंदील घेऊन आणायला गेली.
एवढंच सांगतात बाई,
मग म्हणतात, पलीकडचं राहिलंय बघ कापायचं.

गुंडी गेली, काज राहिलं.
कामकाज तर केव्हाच संपलं.

कुंपणाशी एक कॉटनवुड आपोआप उगवलंय.
त्याला पाटी वाचता येत नाही.
मुळं एका फुटाखाली गेली असणार,
कधीचीच.
साहेबांनी दोनदा विचारलं, ते झाड काढलंस का?
म्हटलं, कुठलं झाड?
आणि दर मंगळवारी त्याला वळसा घालतो.

काल इत्सेल आली होती,
सात वर्षांची, बाप डुकरांच्या कत्तलखान्यात रात्रपाळीला.
बाकावरच्या शिंपल्यांतून तिनं
पाच भोकांचा निवडला,
डोळ्याला लावून नदी पाहिली,
तोंडाला लावून फुंकर मारली, काही वाजलं नाही.
"ह्याच्यात काय घालायचं?"
लॉरेटाबाईंनी खूप वेळ विचार केला.
"घालायचं ते गेलं गं, पोरी."

तोवर तिची करंगळी
मधल्या भोकात गेली होती
आणि निघेना.
मी थुंकी लाव म्हटलं, बाई म्हणाल्या साबण.
ती हसली,
हात वर धरून, शिंपल्यासकट,
तशीच घरी गेली.