लादिनीचे चणे

मे महिन्यात, झड लागायच्या आधी,
पप्पा खुरसाला चुना काढतो.
जांभ्या चिऱ्याचा खुरीस, माझ्या खांद्याएवढा,
फाटकाबाहेर, रस्त्याकडे तोंड करून.
पणजोबाने बांधला तेव्हा रस्ता नव्हता,
नुसती पाणंद होती, आणि खाडीकडून येणारा
खाऱ्या चिखलाचा वास.

यंदा तात्या मेथर सायकलवरून न उतरताच बोलला,
एक पाय जमिनीवर, नजर मडगार्डवर:
"कैतान, ह्यो आत घे रे परड्यात. वारो पडासर."
पप्पाने ब्रश बादलीत बुडवला.
"चुनो कालवून झालो," म्हणाला,
"फुकट जातलो."

घडलं होतं ते एवढंच:
नारू खवणेकर तापाने फणफणला तेव्हा
पप्पा दोन रात्री त्याच्या उशाशी बसला.
कपाळावर ओली घडी ठेवली,
आणि ओठांतल्या ओठांत
जे त्याला येतं ते म्हणत राहिला.
नारू उठला. आठवड्याने जाळ्यावर गेला.
त्याच्याआधी बंदरावर बातमी पोचली होती,
कैतान सुतार माणसं बाटवतो.
मग दोन होड्यांच्या फळ्या माघारी गेल्या.
तिसरीच्या नुसत्या फासळ्या
अजून मांगरात आहेत,
रात्री कोंबड्या त्यांच्यावर बसतात.
नारूने काहीच म्हटलं नाही.
ना असं, ना तसं.

मी कुडाळला लॅबमध्ये रक्त घेते.
एसटीत चढायच्या आधी
गळ्यातली साखळी ड्रेसच्या आत सोडते,
तिथे ती घामाने चिकटून बसते.
कोणी नाव विचारलं तर, ताई म्हणा, सांगते.
हे घरात कोणाला माहीत नाही.
मांयला असावं.

लादिनीच्या रात्री खुरसाला अबोलीचे हार,
चार मेणबत्त्या, वाऱ्यासाठी कंदिलाच्या काचा.
खाडीपलीकडून इनासमामा व्हायोलिन घेऊन आला,
तरीत उभ्यानेच, छातीशी धरून.
दर वर्षी वाडीतली पोरं, ज्या त्या देवाची,
शब्द न कळता मोठ्याने ओरडतात आमच्याबरोबर,
कारण शेवटी चणे असतात.
यंदा "आमच्यासाठी विनंती कर" म्हणताना
आमच्यातले आम्ही चौघंच.
व्हायोलिन एकदा चुकलं, ते लख्ख ऐकू आलं.
पाच किलो चणे टोपात वाफाळत होते
आणि रस्त्यावरून एक मोटरसायकल
उगाच दोनदा गेली.
मी मेणबत्तीकडे बघत होते. प्रार्थना नव्हते करत.
मला राग आला होता, आणि तो नक्की कोणाचा
ते कळत नव्हतं.

सकाळी मांयने फणसाच्या पानांचे खोले टोचले,
टोपली डोक्यावर घेतली,
तेर्साची माळ गळ्यात, पदराच्या वर,
आणि निघाली. "तू येतंस?"
मी मागून चालले.
मेथरीणबाईने घेतले, उलट चार कैऱ्या दिल्या,
पटकन, जशी उधारी फेडतात.
कुबलांकडे कुत्रं भुंकलं, माणूस नाही.
एका घरात दार लागलं
आणि खिडकीतून एक लहान हात बाहेर आला.
मांयने त्या हातावर दोन खोले ठेवले.

नारू पडवीत जाळं विणत होता.
आम्हाला बघून उठला, आत गेला,
विणायची सुई तशीच लोंबकळत.
मांयने खोला पायरीवर ठेवला.
"मुंग्यो लागतले," आतल्या काळोखाला म्हणाली,
"झाकून ठेव."

उरलेले चणे आम्ही तीन दिवस खाल्ले,
खोबरं घालून, मग कांदा घालून, मग नुसतेच.
पप्पा म्हणाला, पुढच्या वर्षी सहा किलो भिजवूया.
मांय हसली नाही. मी हसले.
पायरीवरच्या त्या खोल्याचं काय झालं
ते आम्हाला कळलं नाही.

सोमवारी एसटीत हात गळ्याशी गेला, सवयीने,
आणि कुडाळ येईपर्यंत
तिथेच राहिला, मुठीत साखळी,
ना आत, ना बाहेर.

पहिली पेशंट म्हातारी होती, शीर सापडेना.
रक्त घ्यायला दोन्ही हात लागतात.
मी वाकले.